कोळसा जाळायच्या आधी जरा वाचूया की!

मागच्या उन्हाळ्यात मैत्रिणीच्या गावी गेले होते. वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठावर तिच्या वडिलांची वीटभट्टी आहे. मैत्रीण जिऑलॉजी घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. भट्टीवर नुकताच कोळशाचा ट्रक रिकामा झाला होता. आम्ही चहा घेत उभ्या होतो, तेवढ्यात ही बया कप खाली ठेवून कोळशाच्या ढिगात शिरली. एक मुठीएवढा खडा उचलला, ओढणीनं पुसला आणि उन्हात धरून बघत बसली.

"अगं, काय बघतीस त्या कोळशात?" काका म्हणाले. "चार महिन्यांवर परीक्षा आलीया, त्याचं बघ की जरा."

परीक्षा म्हणजे कुठली, हे सातारा-सांगलीच्या वाचकाला सांगायला नको. आमच्याकडं पदवीनंतर 'परीक्षा' म्हणजे एमपीएससी, दुसरी कुठली नाही. मैत्रिणीला मात्र एमएस्सी करायचंय, तेही दगडांमध्ये. घरात त्यावरून रोज धुसफूस. काकांचा प्रश्न साधा आहे आणि खरं सांगायचं तर चुकीचाही नाही: कोळशात बघण्यासारखं आहे काय? काळा असतो, जळतो, राख होते. संपलं.

त्या दिवशी तिनं मला तो खडा हातात देऊन दाखवला, आणि तेव्हापासून मला वाटायला लागलंय की काकांच्या प्रश्नाचं उत्तर पेपरात छापून यायला पाहिजे. म्हणून हा लेख.

खड्यातले पट्टे

दगडी कोळशाचा खडा नीट पुसून आडवा धरला की त्यात पट्टे दिसतात. एक काचेसारखा चकाकणारा. एक मळकट, मंद. आणि मधूनमधून एक मऊ, रेशमी थर, ज्याला बोट लावलं की लगेच काळं होतं. हा तिसरा थर बघून मला आमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आठवला. त्याच्या इस्त्रीत असतो तो लोणारी कोळसा, म्हणजे लाकूड अर्धवट जाळून केलेला. मैत्रीण म्हणाली, "बरोबर ओळखलंस. हा थर म्हणजे लोणारी कोळसाच आहे. फक्त लोणारी कुणी नव्हता. दलदलीला वणवा लागला होता."

मी जरा गप्पच झाले. कोट्यवधी वर्षांपूर्वी लागलेल्या आगीचा कोळसा माझ्या बोटाला लागला होता!

आपण शाळेत एक ओळ पाठ करतो: झाडं गाडली गेली, दाब आणि उष्णता मिळाली, कोळसा झाला. मार्क मिळतात, विषय संपतो. पण कुठली झाडं, कसल्या पाण्यात, किती काळ, मध्ये पूर आला का, आग लागली का, समुद्र आत शिरला का, हे सगळं त्या एका ओळीत गायब होतं. कोळशाच्या खड्यात मात्र ते शिल्लक असतं.

कोळशाची सुरुवात होते पीटपासून. दलदलीत पडलेली पानं, फांद्या, मुळं पाण्याखाली गेली की त्यांना हवा मिळत नाही, म्हणून ती पुरती कुजत नाहीत. थरावर थर साचतो. उष्ण प्रदेशातल्या दलदलीत हा थर वर्षाला साधारण एक-दोन मिलिमीटरनं वाढतो. पुढं तो दबून लिग्नाइट होतो, मग दगडी कोळसा. एक मीटर कोळशासाठी सात मीटर पीट लागलं असं धरा. वर्षाला दोन मिलिमीटर म्हटलं तरी साडेतीन हजार वर्षं झाली. नुसता हिशेब समजावा म्हणून सांगते, प्रत्येक खाणीत आकडा वेगळा. पण अंदाज आला ना?

मेरी स्टोप्स आणि आपले कर्वे

हे पट्टे वाचायची भाषा ज्या बाईनं दिली, तिचं नाव वाचून मास कॉमची मी उडालेच. मेरी स्टोप्स. संततिनियमनाच्या चळवळीचा इतिहास वाचला असेल तर हे नाव माहीत असणार. १९२१ मध्ये तिनं लंडनमध्ये संततिनियमनाचं केंद्र उघडलं. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्वे यांनी आपलं केंद्र सुरू केलं. पुढं याच कामापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली आणि १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं. कर्वे गणिताचे, स्टोप्सबाई कोळशाच्या!

होय, स्टोप्स मुळात जीवाश्म वनस्पती आणि कोळसा यांची अभ्यासक होती. १९१९ मध्ये तिनं कोळशातल्या पट्ट्यांना चार नावं दिली आणि १९३५ मध्ये 'मॅसरल' हा शब्द घडवला. जसे खडकात खनिजांचे कण, तसे कोळशात मॅसरल. तिची काही सामाजिक मतं आज आपल्याला अजिबात पटणार नाहीत, ते वेगळं. पण जगभर आजही कोळसा वाचतात तो तिच्याच शब्दांत.

मॅसरलचे मोठे गट तीन. व्हिट्रिनाइट म्हणजे लाकूड आणि साली, पाण्याखाली राहून जेलीसारख्या झालेल्या. चकाकणारा पट्टा याचा. लिप्टिनाइट म्हणजे परागकण, बीजाणू, पानांवरचं मेण, राळ. आणि इनर्टिनाइट म्हणजे जळालेला किंवा हवा लागून वाळलेला, कुजलेला भाग. कोळशाचा तुकडा घासून आरशासारखा करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि एकेक ठिपका मोजत जायचं, साधारण पाचशे ठिपके. काम कंटाळवाणं आहे, पण त्या मोजणीतून दलदलीची कुंडली निघते. चकाकी जास्त असेल तर पाणी भरपूर होतं. जळका भाग जास्त असेल तर पृष्ठभाग उघडा पडत होता, वणवे लागत होते. राख जास्त असेल तर नदी गाळ आणून टाकत होती. गंधक जास्त असेल तर बहुतेक समुद्राचं खारं पाणी जवळपास आलं होतं.

तळापासून वर वाचायचं

आता खरी मजा. एकच थर तळापासून वरपर्यंत वाचला तर दलदलीचं आख्खं आयुष्य दिसतं.

हे समजायला बोर्निओला जावं लागतं. तिथल्या सारावाकमध्ये आजही जिवंत पीट-दलदली आहेत. अँडरसन नावाच्या वन अधिकाऱ्यानं विसाव्या शतकाच्या मध्यावर त्या पायी तुडवून अभ्यासल्या. त्याला दिसलं की या दलदली सपाट नाहीत. पीट साचत साचत मधला भाग फुगतो आणि पालथ्या परातीसारखा घुमट तयार होतो. कडेला नदीचं पाणी आणि गाळ पोचतो, तिथं उंच, दाट, नाना जातींचं जंगल. मध्यावर नदी पोचतच नाही, फक्त पावसाचं पाणी. त्यात पोषण नाही, म्हणून झाडं बारीक, खुरटी. कडेपासून मध्यापर्यंत जंगलाचे सहा प्रकार त्यानं मोजले. नंतर मारुडी या ठिकाणी पीटमध्ये खोल भोक पाडून परागकण तपासले, तर तळाशी खारफुटी आणि वर येत येत तेच जंगलाचे प्रकार ओळीनं सापडले. म्हणजे जमिनीवर जे आडवं पसरलंय, तेच खाली काळात उभं रचलंय.

हाच नमुना जुन्या कोळशात मिळतो. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा कोळसा सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळी तो भाग विषुववृत्ताजवळ होता. तिथल्या थरांचा अभ्यास १९५०-६०च्या दशकांत स्मिथ यांनी केला. तळाशी चकाकणारा कोळसा आणि त्यात उंच वृक्षांचे बीजाणू. वर सरकलं की मंद कोळसा आणि वेगळ्याच, बुटक्या वनस्पतींचे बीजाणू. पावसावर जगणारा घुमट तयार झाल्याची ही खूण, असा अर्थ पुढच्या अभ्यासकांनी लावला. आणि शेवटी थराच्या वर चिखलाचा खडक: पूर आला, दलदल बुडाली, गोष्ट संपली.

मग आपल्या महाराष्ट्राचं काय?

हा प्रश्न मी विचारला तेव्हा मैत्रीण हसली. "चंद्रपूरचा कोळसा उष्ण दलदलीतला नाहीच मुळी," म्हणाली.

चंद्रपूर! उन्हाळ्यात पारा ४७ च्या घरात गेल्याची बातमी जिथून दरवर्षी येते ते चंद्रपूर. वर्धा खोऱ्यातला हा कोळसा पर्मियन काळातला, पावणेतीन कोटी नव्हे, जवळपास पावणेतीनशे दशलक्ष वर्षांचा, म्हणजे साडेसत्तावीस कोटींच्या आसपास. तेव्हा भारत गोंडवन महाखंडात, अंटार्क्टिकाला चिकटून, खूप दक्षिणेला होता. चंद्रपूरजवळ इरई इथं चुनखडकावर हिमनदीनं ओरखडे काढलेले आहेत. १८७०च्या दशकात फेडन या भूशास्त्रज्ञानं ते नोंदवले. बर्फ वितळला, मागं नद्या आणि पाणथळ मैदानं राहिली, त्यावर ग्लॉसोप्टेरिसची जंगलं वाढली. जिभेच्या आकाराची पानं असलेली ही झाडं थंडीत पानं गाळायची.

ही हकिकत कोळशात उतरली आहे. आपल्या गोंडवनी कोळशात जळका-वाळका इनर्टिनाइट भाग तुलनेनं बराच असतो आणि राख तर विचारू नका, ३० ते ४० टक्के सहज. घुमटासारखी, नदीच्या आवाक्याबाहेर गेलेली दलदल असती तर राख कमी असती. इथं नद्या पुन्हा पुन्हा गाळ आणत राहिल्या. झाडं जागेवर गाडली गेली की वाहून येऊन साचली, यावर शास्त्रज्ञांमध्ये वादही झाले आहेत. पण औष्णिक वीज केंद्रांशेजारी राखेचे जे तलाव आपण बातम्यांत बघतो, त्यातला एक वाटा त्या प्राचीन नद्यांच्या गाळाचा आहे, एवढं नक्की.

काकांनी हे ऐकलं आणि पहिल्यांदाच मान डोलावली. "जड खडा राख जास्त करतो, हे आम्हाला ठावं हाय," ते म्हणाले. "हातात घेतला की कळतं." बघा, निरीक्षण काकांचंच. कारण तेवढं शास्त्रानं दिलं.

उष्ण दलदलीचा पुरावा महाराष्ट्रात नाही असं नाही. तो कोकणात आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्या दगडाच्या खाली, चिकणमातीत लिग्नाइटचे पातळ थर मिळतात, मायोसीन काळातले. खाण काढावी एवढे जाड नाहीत, म्हणून बातमीही नाही. पण त्यात परागकण आहेत. १९८०च्या दशकात फडतरे आणि कुलकर्णी या संशोधकांनी त्यातला एक परागकण ओळखला, तो युजिसोना नावाच्या ताडाच्या भाईबंदाचा. हा ताड आज सापडतो फक्त मलेशिया-बोर्निओच्या बाजूला. म्हणजे ज्या जंगलासाठी आपण बोर्निओला गेलो होतो, त्याचा एक रहिवासी एके काळी आपल्या रत्नागिरीत होता! दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथं मिरिस्टिकाची गोड्या पाण्याची छोटीशी दलदल अजून टिकून आहे, देवराई म्हणून राखलेली. सरकारनं तिला जैवविविधता वारसा स्थळ केलंय. तिथं कोळसा बनत नाहीये, पण पाण्यात उभं राहून श्वास घ्यायला मुळं गुडघ्यासारखी वर काढणारी झाडं कशी असतात, ते डोळ्यांनी बघायला मिळतं.

आणि आपल्या सातारा-सांगलीच्या खाली? काही नाही! हे मी गमतीत म्हणत नाही. भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात खोल विवरं घेतली गेली, पाटण तालुक्यात गोठणे इथं तर तीन किलोमीटर खोल. ९०० ते १२०० मीटर काळा बेसॉल्ट गेला आणि खाली थेट ग्रॅनाइट लागला. मध्ये गाळाचा खडकच नाही, तर कोळसा कुठला? त्या विवरांतून काढलेले दगडाचे दांडे कराडजवळ हजारमाचीच्या केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेत जपून ठेवलेत. आपल्यातले किती जण तिथून बसनं गेले असतील, पण आत काय आहे हे किती जणांना माहीत आहे? मलाही मैत्रिणीनं सांगेपर्यंत नव्हतं.

मग म्हणणं काय?

म्हणणं पहिलं, माझ्याच बिरादरीला. आपण पत्रकार कोळशावर लिहितो तेव्हा टन, रेक आणि किती दिवसांचा साठा एवढंच लिहितो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कोळशाची टंचाई झाली तेव्हाच्या बातम्या काढून बघा. साठ्याचे आकडे रोज होते. हा कोळसा एवढी राख का करतो, हा साधा प्रश्न मला क्वचितच दिसला. राखेचा त्रास खाणीजवळच्या आणि वीज केंद्राजवळच्या गावांनी भोगायचा, आणि त्याचं कारण कुणी विचारायचं नाही, हे बरोबर नाही.

दुसरं, खाणीचं. थर एकदा काढला की तो परत मिळत नाही. दगड दुसरीकडं सापडेल, पण तोच थर, त्याच जागेचा, नाही. मग खाण बंद होण्याआधी तळापासून वरपर्यंत त्याचा एक नीट नमुना विद्यापीठात जपून ठेवायला काय हरकत आहे? कंपन्या प्रतवारीसाठी नमुने घेतातच. त्यातला छोटा वाटा विद्यार्थ्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली जावा. लाखो टनांतून काही किलो, एवढीच मागणी आहे.

तिसरं, जरा टोचणारं. कुणी म्हणेल, कोळसा जाळणं थांबवायची वेळ आली आणि तुम्ही त्याचं वाचन कसलं करताय? उलट आत्ताच करायला हवं. बोर्निओ-सुमात्राच्या पीट-दलदली म्हणजे अजून कोळसा न झालेला कोळसा. त्यात चर खणून पाणी काढलं जातं, बऱ्याचदा पाम तेलाच्या लागवडीसाठी. पीट वाळतं आणि पेट घेतं. १९९७ मध्ये इंडोनेशियात लागलेल्या आगींतून बाहेर पडलेला कार्बन त्या काळच्या जगभरच्या वार्षिक इंधन-उत्सर्जनाच्या १३ ते ४० टक्के होता, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडलाय. आणि जगात पाम तेल सगळ्यात जास्त आयात करणारा देश आपला. आपल्या फरसाणात, बिस्किटात ते असतं. दलदल कोरडी पडली की काय होतं, किती वेळा पेटते, परत सावरते का, याचं उत्तर द्यायला जुन्या दलदलीच सापडतात आणि त्या आहेत कोळशात. तो बोटाला लागणारा मऊ थर त्याच प्रश्नाचं उत्तर घेऊन बसलाय.

चौथं, काकांना. पोट भरेल का, हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. आमच्या भागात एका जागेसाठी हजारो पोरं वर्षानुवर्षं अभ्यासिकेत बसलीत. त्यातलं एखादं घर स्थिर होतं, म्हणून बाकीच्यांची आशा टिकते. बापाला मुलीची काळजी वाटणारच. पण काका, भूजल असो, धरण असो, बोगदा असो, खाण असो, दगड वाचता येणारं माणूस लागतंच. आणि समजा नोकरीला दोन वर्षं उशीर झाला, तरी अभ्यासिकेत कुणाची दोन वर्षं जात नाहीत? तेवढाच वेळ तिला तिच्या आवडीच्या विषयाला देऊ द्या. स्पर्धा परीक्षा नंतरही देता येते. भूशास्त्रज्ञांसाठी यूपीएससीची वेगळी परीक्षासुद्धा असते, हे मी त्या दिवशी मुद्दाम काकांसमोर बोलले.

काका काही बोलले नाहीत. भट्टीवरच्या माणसांना आवाज देत उठून गेले.

निघताना मैत्रिणीनं तो खडा जुन्या पेपरात गुंडाळला, वर पेनानं तारीख लिहिली आणि 'कुठून आला' या रकान्यापुढं प्रश्नचिन्ह टाकलं, कारण ट्रकवाल्यालाही ते नीट सांगता आलं नव्हतं. परवा तिचा मेसेज आला. एमएस्सीच्या प्रवेशाचा फॉर्म भरलाय, फी काकांनी दिली. एमपीएससीचा फॉर्मही भरलाय, तो तिनं स्वतः. आणि काकांनी पुढच्या ट्रकबरोबर चलन येईल तेव्हा खाणीचं नाव विचारून ठेवायचं कबूल केलंय.